आकड्यांचे नातेगोते

इंग्रजीच्या तासाला ‘पेंटामीटर’सारखा शब्द आला, की आम्हा खेड्यांतून आलेल्या मुलांच्या माना खाली जातात. ज्यांच्या घरातून आजवर कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, त्यांना असे शब्द पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही, असे वाटते. परंतु इंग्रजीत आलेले ग्रीक आकडे एकदा ओळखीचे झाले, की पाठांतराचे ओझे पुष्कळच हलके होते.

पेंटा म्हणजे पाच. मीटर म्हणजे माप. आपली ‘मात्रा’ त्याच कुळातली. पेंटामीटरची ओळ पाच गणांची. शेक्सपिअरच्या ओळीत गण दोन-दोन अक्षरांचा, म्हणून अक्षरे बहुधा दहा भरतात. ट्रायपॉड ही तर आपली तिपाईच! ऑक्टोपस म्हणजे अष्टपाद. ऑक्टो आणि अष्ट, पस आणि पाद, दोन्ही जोड्या सख्ख्या. डिप्लोमा म्हणजे मुळात दुहेरी घडी घातलेला कागद. आपण त्याच्यासाठी किती झुरतो!

हे साम्य योगायोगाचे नाही. पंच-पेंटा आणि चत्वार-टेट्रा या जोड्या पाहा. दोन्हींत संस्कृतात ‘च’ आहे, तिथे ग्रीकमध्ये ‘ट’. सप्त आणि हेप्टा यांत ‘स’चा ‘ह’ झाला. इराणातही स्वतंत्रपणे असेच घडले. तिथे सप्ताचे ‘हफ्त’ झाले, त्यावरून ‘हफ्ता’ म्हणजे आठवडा, आणि फारसीतून तो आपल्याकडे ‘हप्ता’ होऊन आला. सावकाराच्या दारी सर्वांना ठाऊक असलेला शब्द हेप्टाचा भाऊ निघावा, याची मला मोठी गंमत वाटते. ‘मोनो’ मात्र आपल्या ‘एक’च्या नात्यातला नाही. त्याचा अर्थ ‘एकटा’. मोनोपॉली म्हणजे एकट्याने विकणे.

यावरून काही मित्र म्हणतात, “म्हणजे ग्रीकांनी आपलेच आकडे उचलले!” मला हे पटत नाही. 1786 मध्ये कलकत्त्यास सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असे मत मांडले. पुढील अभ्यासाने ते दृढ झाले. या भाषा बहिणी आहेत. त्यांत उसनवारी शोधणे म्हणजे मावशीच्या घरी आपल्या आईचे नाक दिसले म्हणून चोरीची फिर्याद करण्यासारखे आहे.

आणि हे शब्द काही केवळ पुस्तकातच राहतात असे नाही. ग्रीकमध्ये शंभराला ‘हेकाटोन’ म्हणतात. आपल्या ‘शत’चेच ते भावंड. त्यावरून फ्रेंचांनी ‘हेक्टो’ केले, आणि शंभर आर मिळून हेक्टर झाला. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा. माझ्या वडिलांना इंग्रजीचे अक्षर येत नाही. पण सातबाऱ्यावरील हेक्टर-आरचा हिशेब ते माझ्याआधी करतात.