पक्षाघात, मेंदूची तटबंदी आणि संप्रेरक

पक्षाघाताचा रुग्ण उशिरा आला की नातेवाईक मला विचारतात, "डॉक्टर, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आता का नाही देत?" याचे कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांत दडलेले आहे.

या सूक्ष्म वाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, म्हणून रक्तातले नको ते पदार्थ मेंदूत शिरत नाहीत. १८८५ साली पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा इतर अवयव रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला! रक्तपुरवठा तुटला की काही तासांत ही तटबंदी ढासळते, मेंदूला सूज येते. मग गुठळी विरघळवल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणूनच सर्वसाधारणपणे साडेचार तासांची मर्यादा.

प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने उंदरांवरील प्रयोगांत ही तटबंदी सावरली, सूजही कमी केली. परंतु डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णांवरील, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत त्याचा लाभ दिसला नाही. अमेरिकेतील २००२ सालच्या मोठ्या अभ्यासात तर ऋतुनिवृत्तीनंतर एकत्रित संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत पक्षाघाताचे प्रमाण वाढलेले आढळले. तेव्हा भगिनींनो, पक्षाघात टळावा म्हणून अशा गोळ्या मनाने घेऊ नका.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर घड्याळ पाहा. तेलमालिश किंवा कबुतराचे रक्त चोळण्यात वेळ दवडू नका. सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय ताबडतोब गाठा.