पंचाहत्तर टक्क्यांची रेघ

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज गाड्या आल्या. शहरातल्या उद्योजकांनी, व्यापाऱ्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून केलेली ही सुमारे ६५ कोटी रुपयांची खरेदी होती आणि कर्ज स्टेट बँकेने दिलं होतं. मराठवाड्यात एवढा पैसा आहे का, असं आश्चर्य तेव्हा देशभर व्यक्त झालं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे त्या ताफ्याची पहिली मुदत २०२५ च्या अखेरीस संपली आणि गाड्या निव्वळ कायद्याच्या भाषेत 'जुन्या' झाल्या.

पण गाडीची खरी कसोटी आरटीओच्या तारखेला लागतेच असं नाही. त्याआधीच एखाद्या वळणावर धडक होते किंवा रात्रीच्या पावसात पाणी डॅशबोर्डपर्यंत चढतं. चार दिवसांनी विमा कंपनीचा सर्व्हेअर गॅरेजमध्ये येतो, फोटो काढतो, हिशेब मांडतो आणि गाडी 'टोटल लॉस'मध्ये गेल्याचं सांगतो. मर्सिडीज असो की चौदा वर्षांची अल्टो, मालकाला एकच प्रश्न पडतो: गाडी देऊन टाकायची, की ठेवून घ्यायची आणि उभी करायची?

छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देणारे हात जवळच मिळतात. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते वाळूजच्या बजाज कारखान्याचं उद्घाटन झालं. सोळा महिन्यांत उभ्या राहिलेल्या त्या कारखान्याने या शहराचा व्यवसायच बदलला. त्याच्या आधाराने एन्ड्युरन्स आणि व्हेरॉक यांसारख्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या वाढल्या. २००१ मध्ये शेंद्र्यात स्कोडाची ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली, पुढे ऑडीही तिथेच. पत्रा दाबणं, वेल्डिंग आणि रंगकाम ही कामं इथल्या दोन पिढ्यांच्या ओळखीची आहेत. गाडी बनवणाऱ्या शहरात मोडलेली गाडी जोडणारेही तयार होतात.

आता त्या रेघेकडे येऊ. गाडीचा 'फुल इन्शुरन्स' काढताना पॉलिसीवर आयडीव्ही नावाचा एक आकडा छापलेला असतो. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण नष्ट झाली तर कंपनी जास्तीत जास्त तेवढी रक्कम देते. २००२ च्या मोटार टॅरिफने त्याची घसरण ठरवून दिली. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के घट धरायची. पाच वर्षांनंतर मात्र तक्ता संपतो. तिथून पुढे आकडा मालकाने आणि कंपनीने आपसात ठरवायचा असतो. प्रत्यक्षात तो एजंट भरतो आणि मालक हप्ता कमी दिसला की सही करतो. चार-पाचशे रुपये वाचवण्यासाठी पाडून घेतलेला आयडीव्ही अपघाताच्या दिवशी आडवा येतो.

नियम असा: पॉलिसीच्या अटी धरून गाडी आणण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला, तर गाडी 'कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस' धरायची. 'अटी धरून' म्हणजे घसारा वजा करून. जुन्या गाडीच्या बाबतीत हा घसारा जबर असतो. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर सरसकट ५० टक्के. धातूच्या भागांवर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि दहा वर्षांनंतर ५० टक्के. काचेवर मात्र काही नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बारा वर्षांची छोटी गाडी, आयडीव्ही १,६०,००० रुपये. रेघ १,२०,००० वर. समजा नवे भाग दीड लाखाचे आणि मजुरी ४० हजारांची. भागांचे निम्मे ७५ हजार अधिक ४० हजार, म्हणजे १,१५,०००. रेघ ओलांडली नाही. १,००० रुपयांची सक्तीची वजावट जाऊन कंपनी १,१४,००० देणार. उरलेले ७६,००० मालकाच्या खिशातून. आता भागांचा खर्च १,६०,००० आणि मजुरी ४५,००० झाली असं धरा. हिशेब १,२५,००० वर गेला, गाडी टोटल लॉस. मोडकी गाडी, म्हणजे सॅल्व्हेज, ४५,००० ला धरली आणि ती मालकानेच ठेवली, तर आयडीव्हीतून ४५ हजार आणि एक हजार वजा होऊन हातात येतात तेच १,१४,०००. आकडा एकच आहे, पण पहिल्या वेळी तो गॅरेजच्या बिलात गेला आणि दुसऱ्या वेळी मालकाच्या खात्यात आला. कंपनीच्या शोरूममध्ये दोन लाखांना होणारं काम ओळखीचा डेंटर, म्हणजे पत्रा सरळ करणारा कारागीर, वापरलेले भाग घालून ऐंशी-नव्वद हजारांत करून देत असेल, तर मालकाकडे गाडीही राहते आणि थोडे पैसेही.

याला धंद्यात 'नेट ऑफ सॅल्व्हेज' म्हणतात आणि त्यात दोन वाटा आहेत. 'विदाउट आरसी' म्हणजे नोंदणी रद्द करून भंगार म्हणून हिशेब. 'विथ आरसी' म्हणजे कागद शाबूत ठेवून. दुरुस्त करून वापरायचं असेल तर दुसरी वाट धरावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. रेघ ओलांडलेली प्रत्येक गाडी कायमची निकामी नसते. ती हिशेबात न बसलेली गाडी असते. हा फरक समजला की टोटल लॉस या निकालाची भीती अर्धी कमी होते.

उरलेली अर्धी भीती मात्र खरी आहे आणि तिचा निवाडा डेंटरच्या अंगणात होतो.

चांगला डेंटर आधी हातोडी उचलत नाही, टेप उचलतो. बॉनेट, बंपर, लाइट उतरवून तो पुढच्या चौकटीची तिरकी मापं घेतो. डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात, उजव्यातून डाव्यात. दोन्ही मापं जुळली नाहीत तर सांगाडा वाकला आहे. दरवाजे उघडून बंद करून पाहतो. फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर पिलर सरकला आहे. बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ यांसारख्या गाड्यांना वेगळी चेसिस असते. बॉडी उचलून चेसिस सरळ करता येते, म्हणून या गाड्या ग्रामीण भागात पुन्हापुन्हा उभ्या राहतात. मारुती ८०० पासून आजच्या हॅचबॅकपर्यंत बहुतेक मोटारी मात्र मोनोकॉक आहेत. तिथे पत्रा हाच सांगाडा. पुढचा ॲप्रन वाकला तर खेचून, कापून, नवा जोडून काम होतं. ए-पिलर, बी-पिलर किंवा फरशीपर्यंत घडी पडली असेल तर प्रामाणिक कारागीर हात जोडतो.

खरी कारागिरी डॉली-हातोडीत आहे. पत्र्याच्या आतून लोखंडी डॉली धरायची, बाहेरून हलकी हातोडी मारायची आणि ताणलेला पत्रा जागेवर बसवत जायचं. ज्याचा हात बसलेला असतो त्याला लांबी, म्हणजे खड्डा भरायची पुट्टी, कमी लागते. नवशिका खड्डा तसाच ठेवून वरून लांबीचा थर चढवतो, घासतो, रंग मारतो. दोन पावसाळ्यांनी तो थर भेगाळतो. गॅस कटिंगने कापून गॅस वेल्डिंगने जोडलेला सांगाड्याचा भाग आणखी धोक्याचा, कारण जास्त उष्णतेने पोलादाची ताकद जाते. सीओटू वेल्डिंग करणारा डेंटर मागावा, चार पैसे जास्त द्यावेत. जुन्या गाड्यांत साधं पोलाद जास्त असल्याने त्या काही प्रमाणात चुका सोसतात. नव्या गाड्यांचं उच्च ताकदीचं पोलाद सोसत नाही.

सुटे भाग मिळवणं हा वेगळा खटाटोप. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर उतरवलेल्या गाड्यांच्या भागांचा मोठा बाजार आहे. दरवाजा, बॉनेट, टेललाइट, आरसा हे भाग वापरलेले घ्यायला हरकत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि सीटबेल्ट मात्र नवेच हवेत. एअरबॅग एकदा फुगली की ती, तिचं कंट्रोल युनिट आणि बेल्टचे प्रीटेन्शनर बदलावे लागतात. इथे सर्वात मोठी लबाडी चालते. एअरबॅग न घालता डॅशबोर्डचं कव्हर शिवून देतात आणि दिवा विझावा म्हणून वायरीत रेझिस्टर बसवतात. चालकासाठीची एअरबॅग आपल्याकडे जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांत ती नाहीच. अशी गाडी दुरुस्तीला स्वस्त पडते याचं कारण तिच्यात जीव वाचवणारं सामान कमी आहे, हे मालकाने विसरू नये.

पाण्यात बुडालेल्या गाडीचं गणित वेगळं असतं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्याला ते पुन्हा शिकवलं. बुडालेली गाडी सुरू करू नये. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि पाण्यात इंजिन चालू केल्याने झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही, त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' वेगळं घ्यावं लागतं. ठोकलेल्या गाडीचं नुकसान बरंचसं डोळ्यांना दिसतं, बुडालेली गाडी मात्र फसवते. ती धुऊन, सीट वाळवून चकाचक करता येते, पण वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज चढतो आणि सहा महिन्यांनी एकेक सेन्सर दगा देऊ लागतो. पाणी डॅशबोर्डच्या वर गेलं असेल तर गाडी देऊन टाकावी, हा सरळ सल्ला.

गाडी उभी राहिली तरी कागदाचं काम उरतंच. टोटल लॉसची रक्कम घेतल्यावर जुनी पॉलिसी संपते. पुन्हा विमा काढताना कंपनी गाडी तपासते आणि अनेकदा फक्त थर्ड पार्टी देते. ते सक्तीचंच आहे: हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, दीड हजार सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७, हे जून २०२२ पासूनचे दर. विम्याविना पकडलं गेलं तर पहिल्या वेळी दोन हजारांचा दंड. इंजिन किंवा चेसिस बदलली तर कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी हवी. पंधरा वर्षं पूर्ण झाली असतील तर आरटीओत पासिंग करून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. मोटारीला त्याची फी पाच हजार, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार. त्यावर पर्यावरण कर वेगळा.

गाडी ठेवायची नाही असं ठरलं तरी धोका टळत नाही. सॅल्व्हेज घेणारा दलाल रोख पैसे देतो आणि आरसी घेऊन जातो. नाव बदलायचं राहून जातं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं की, गाडी विकली असली तरी नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. शिवाय टोटल लॉस गाडीची आरसी आणि चेसिस नंबर चोरीच्या गाडीला चिकटवण्याचा धंदा देशात पोलिसांनी उघड केलेला आहे. म्हणून नाव हस्तांतर झाल्याशिवाय, किंवा नोंदणी रद्द झाल्याशिवाय, गाडीची किल्ली देऊ नये. भंगारातच द्यायची असेल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी. तिथे 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं.

या सगळ्या व्यवस्थेतलं एक भोक उघडं आहे. अमेरिकेत टोटल लॉस झालेल्या गाडीच्या मालकी कागदावर 'सॅल्व्हेज' असा शिक्का बसतो आणि दुरुस्तीनंतरही तो इतिहास गाडीसोबत राहतो. आपल्या आरसीवर असं काही येत नाही. वाहन पोर्टलवर नंबर टाकला तर विमा, कर्ज, फिटनेस दिसतं. गाडी कधी टोटल लॉसमध्ये गेली होती का, हे दिसत नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात चमकणारा रंग पाहून पैसे मोजणारा ग्राहक त्यामुळे आंधळा राहतो. आरसीवर एक नोंद वाढवली तर हा प्रश्न निम्मा सुटेल. चांगल्या डेंटरचंही त्यात भलं आहे, कारण आज त्याचं प्रामाणिक काम आणि लांबी थापलेलं काम ग्राहकाला एकाच भावात दिसतं.

तोवर मालकानेच काही गोष्टी पाळाव्यात. नूतनीकरणाच्या वेळी आयडीव्ही पाडून घेऊ नका. टोटल लॉस झाल्यावर डिस्चार्ज व्हाउचरवर सही करण्यापूर्वी सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा, सॅल्व्हेजची किंमत कशी ठरली ते लेखी विचारा आणि 'विथ आरसी' की 'विदाउट आरसी' हे कागदावर घ्या. कंपनीने ऐकलं नाही तर तिच्या तक्रार विभागाकडे, आणि तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. त्याला फी नाही. सांगाडा सरळ असेल, पाणी डॅशबोर्डच्या वर गेलं नसेल आणि सुरक्षेचे भाग नवे घालण्याची तयारी असेल, तर जुनी गाडी ठेवणं हा शहाणपणाचा व्यवहार आहे. यातली एक जरी अट पुरी होत नसेल तर पैसे घ्या आणि गाडी सोडा. आणि उभी केलेली गाडी पुढे विकायची वेळ आली, तर तिचा टोटल लॉस खरेदीदाराला लेखी सांगा. तिच्यात उद्या दुसऱ्याचं कुटुंब बसणार आहे.