संगणक भिली कशी शिकतो?


केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ साली 'आदी वाणी' हे भाषांतराचे ॲप आणले. संताळी, मुंडारी, गोंडी आणि भिली या भाषा त्यात आहेत. संगणकाला भिली येते तरी कशी, हे थोडक्यात सांगतो.

संगणकाला आपल्यासारखा अर्थ कळत नाही. एकच वाक्य दोन भाषांत, अशी हजारो वाक्ये त्याच्यापुढे ठेवतात. कोणत्या शब्दासमोर बहुधा कोणता शब्द येतो, हे तो हिशेबाने ओळखतो. हिंदीत अशी वाक्ये पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून सहज मिळतात. भिली मात्र बहुतेक तोंडीच राहिली. म्हणून ती बोलणाऱ्यांनाच बसवून एकेक वाक्य सांगायला लावावे लागते. (या कामाची मजुरी त्यांना मिळालीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.)

आणि भिली म्हणजे तरी कोणती? २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे एक कोटीहून अधिक आहेत. पण त्या एकाच नावाखाली मावची, पावरी आणि वारलीसुद्धा मोजली आहे. झाबुआच्या वाक्यांवर शिकलेले यंत्र धडगावच्या पावरी बोलणाऱ्या आईला भलतेच सांगू शकते. गोष्टीत एखादा शब्द चुकला तर मुले हसतील. बाळाच्या औषधाची मात्रा चुकली तर? म्हणून दवाखान्याची सूचना किंवा कर्जाचा कागद असेल, तर यंत्राने केलेले भाषांतर आधी गावातल्या जाणत्या माणसाला ऐकवावे आणि त्याने होकार दिल्यावरच पुढे द्यावे.