ॲप उघडलं, पण मन हलकं झालं का?

ओझरच्या कर्करुग्णाला उपचारासाठी नाशिक किंवा थेट परळचं टाटा रुग्णालय गाठावं लागतं. मनातल्या धास्तीसाठी तेवढा प्रवास कोण करणार? म्हणून मोबाइलवरचं समुपदेशन सोयीचं वाटतं. पण ॲप कितीजणांनी घेतलं, यावरून गुण आला असं ठरत नाही. मोजपट्टी साधी आहे: रुग्णाने आपला ताण 0 ते 10 मध्ये सांगायचा, 4 किंवा अधिक आला, तर पुढची तपासणी. हाच आकडा ॲप न वापरणाऱ्या गटाशी ताडायला हवा, कारण ताण काळासोबत आपोआपही उतरतो. मध्येच सोडून गेलेलेही हिशेबात हवेत.

‘काहीच नसण्यापेक्षा ॲप बरं’, असं कुणी म्हणेल. ते अर्धंच खरं. अमेरिकेतल्या 766 कर्करुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. ऑनलाइन लक्षणं कळवणाऱ्यांचा मध्यक जीवनकाळ 31.2 महिने होता, इतरांचा 26. मात्र तिथे त्रास वाढताच परिचारिकेला सूचना जात होती. नुसता पडदा पुरत नाही, पलीकडे माणूस लागतो. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्य सेवा 2022पासून 14416 या फोन क्रमांकावर तसा माणूस देते. म्हणून कोणतंही ॲप सुचवण्याआधी एवढंच विचारा: आकडा वाढला, तर दखल कोण घेणार?