लघवीत न सापडणारी प्रथिने

आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्याबरोबर थोडी प्रथिनेही निसटतात; पण निरोगी माणसाच्या लघवीत ती जवळजवळ सापडत नाहीत. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमेची रक्कम ना खर्चात, ना शिलकेत, मग ती गेली कुठे, हा प्रश्न मला पडणारच!

१९६६ साली ग्रॅहॅम आणि कार्नोव्स्की यांनी उंदरांना पेरॉक्सिडेज हे प्रथिन टोचले. हॉर्सरॅडिश नावाच्या मुळापासून मिळणारे हे एंझाइम. मूत्रपिंडाच्या कापांवर रसायने घातली, की ते असेल तेथे तपकिरी साका धरतो. त्याला ऑस्मियम हा जड धातू चिकटला, की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात नेमकी तेवढीच जागा काळी दिसते. साध्या सूक्ष्मदर्शकाची नजर इतकी बारीक नाही.

निरनिराळ्या वेळी घेतलेले काप क्रमाने पाहता वाट उलगडली: प्रथम नलिकेतील पेशींच्या ब्रशासारख्या कडेवर, मग तिच्या बुडाच्या खळग्यांत, शेवटी पेशीतील पिशव्यांत. अशा पिशव्यांतील प्रथिनांचे पुढे पेशीतच तुकडे होतात आणि अमिनो आम्ले शरीराच्या कामी येतात.

म्हणून लघवीत सतत प्रथिने दिसू लागली, तर एक तर गाळणी बिघडली असावी, नाही तर प्रथिने परत घेणाऱ्या पेशी. डॉक्टरांनी सांगितलेली लघवीची साधी तपासणी कोणी टाळू नये, ती यासाठीच.