मोहाची पहिली धार
(लेखमाला : चूल आणि कायदा – भाग ६)

मार्च सरत आला की नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या बाजूला मोहाच्या झाडाखाली पहाटेच टोपल्या दिसू लागतात. मोहाचं फूल रात्री उमलतं आणि उजाडता उजाडता गळतं. वाळवलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते, म्हणून ते भाजून, शिजवून खाल्लं जातं. तेच भिजवून आंबवलं आणि गाळलं की दारू होते. ती पाहुण्याला दिली जाते आणि देवाला, पितरांनाही तिची धार सोडली जाते.

गेल्या भागात आपण नाशिकच्या द्राक्षांबद्दल बोललो. द्राक्षांतल्या साखरेची वाइन व्हावी म्हणून राज्याने २००१ मध्ये खास धोरण आखलं. त्याच जिल्ह्यात मोहाची साखर आंबवून घरी गाळणारं कुटुंब मात्र गुन्हेगार ठरतं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम १२ ने परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई केली आहे, आणि शिक्षा कलम ६५ मध्ये सांगितली आहे. विकायला शंभर लिटर गाळणारा आणि घरच्या कार्यापुरती बाटलीभर गाळणारा, दोघंही एकाच मनाईखाली येतात. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

ही बंदी दारूच्या दुष्परिणामांच्या काळजीतून सुरू झाली, असा समज आहे. सुरुवात महसुलातून झाली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावचं गाळणं मोडून ते मक्तेदारांच्या आणि मध्यवर्ती भट्ट्यांच्या हाती दिलं. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांवरच कायदा आला, कारण फूल घरात असलं तर सरकारी दारू कोण विकत घेणार? फुलं गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध राज्याने उठवले ते २०२१ मध्ये. घरी गाळण्यावरची बंदी मात्र तशीच राहिली.

याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९२२-२३ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरून निघालेली देवीची चळवळ डोंगरातल्या आदिवासी गावांत पसरली, आणि हजारोंनी दारू आपणहून सोडली. पुढे १९७० च्या दशकात शहाद्याच्या भिल्ल स्त्रियांनी गावातली दारूची मडकी फोडली. पिणं जसं समाजाचं होतं, तसं सोडणंही समाजाचंच होतं.

आता धोक्याचं बोलू, कारण घरची दारू म्हणजे विष, अशी भीती अनेक वाचकांच्या मनात असेल. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं मेली, ती मेथनॉलमुळे. ते मेथनॉल कारखान्यात वापरायचं रसायन होतं, नफ्यासाठी दारू म्हणून विकलेलं. फूल किंवा फळ आंबवताना मेथनॉल तयार होतं, पण अगदी थोडं. ते ६४.७ अंशांना उकळतं, पिण्याचं अल्कोहोल ७८ च्या आसपास, पाणी १०० ला. म्हणून आपल्याकडे जिचं एवढं कौतुक होतं त्या ‘पहिल्या धारे’त उग्र वासाची, लवकर उडणारी द्रव्यं जास्त असतात, आणि जाणते गाळणारे सुरुवातीचा थोडा भाग फेकून देतात. तरी तेवढ्याने मेथनॉल पूर्ण वेगळं होत नाही, हेही लक्षात ठेवावं. शिवाय अल्कोहोलची वाफ पेट घेते. चुलीवरच्या मडक्याचा सर्वांत रोजचा धोका तो आहे. हातभट्टीच्या धंद्यात तर फुलांची जागा काळ्या गुळाने आणि नवसागराने घेतली आहे. त्या मालाचा आणि घरच्या मोहाचा संबंध जोडणं हा मोहावर अन्याय आहे.

बंदीवाचून कुठे चालतं का? न्यूझीलंडने १९९६ मध्ये स्वतःपुरतं घरी गाळणं मोकळं केलं. विकायचं असेल तर परवाना लागतो. शेजारच्या छत्तीसगडमध्ये आदिवासींना स्वतःच्या वापरासाठी पाच लिटरपर्यंत सूट आहे. दोन्हीकडे रेघ ओढली आहे ती विक्रीवर.

आपल्याकडे ही रेघ ओढायला जागाही तयार आहे. पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा भागात मादक पदार्थांची विक्री आणि सेवन रोखण्याचे किंवा त्याचं नियमन करण्याचे अधिकार ग्रामसभेकडे दिले. त्यात गाळण्याचा शब्द नाही. तो दारूबंदी कायद्यातच घालावा लागेल: ठरावीक लिटर, फक्त मोहफूल, विक्रीला सक्त मनाई, आणि ज्या गावाला नको असेल त्या गावाला पूर्ण नकाराचा हक्क.

एक अट मी सोडणार नाही. दारूचा मार घरात बाई खाते, तेव्हा आधी महिलांची वेगळी सभा व्हावी, आणि तिने नाही म्हटलं तर विषय तिथेच संपावा. पेठ-सुरगाण्यातल्या वाचकांना विनंती, येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. आणि मांडण्याआधी घरातल्या बायकांना विचारा.