विश्लेषण : पावसाळ्यात साप, विंचू घरात येतात ते नेमके कुठून?

जूनमध्ये दोन-तीन मोठ्या सरी कोसळल्या, की सर्पमित्रांचे फोन वाजू लागतात. न्हाणीघरात साप, चपलांच्या मांडणीत विंचू, माळ्यावर रात्रभर खडखड, मीटरच्या पेटीत मधमाश्या. घर गळू लागते तेव्हाच हे पाहुणेही येतात आणि हा निव्वळ योगायोग नाही. प्राणी ज्या वाटेने आत येतो, ती वाट म्हणजे बहुतेक वेळा राहून गेलेली एखादी दुरुस्ती असते. साप पकडून नेला जातो. मोरीची फुटलेली जाळी मात्र तशीच राहते.

साप घराकडे का वळतो?

त्याला घरात काहीच रस नसतो. पावसाने बिळांत पाणी भरते, म्हणून तो कोरडी जागा शोधतो. शिवाय याच दिवसांत बेडूक वाढतात आणि उंदीरही भिजलेली बिळे सोडून घरांच्या आडोशाला येतात. घोणस या सुमारास पिल्ले देते, नागाच्या अंड्यांतूनही पिल्ले बाहेर पडतात. पेन्सिलीएवढ्या जाडीचे पिल्लू कुठल्याही फटीतून आत येऊ शकते. ओट्यामागे उंदीर फिरत असेल आणि परसात लाकडे किंवा विटा रचलेल्या असतील, तर सापाला दुसरे आमंत्रण लागत नाही.

तो आत शिरतो कुठून?

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे सांडपाण्याची वाट. जुन्या घरांत मोरीचे पाणी भिंतीतल्या नळीतून थेट उघड्या गटारात जाते. त्या नळीच्या बाहेरच्या तोंडाला जाळी नसली, तर ती उंदरासाठी आणि त्याच्या मागावरच्या सापासाठी सरळ बोगदाच ठरते. नव्या इमारतींत न्हाणीघराच्या जमिनीत ‘नहाणी ट्रॅप’ असतो. त्यात कायम थोडे पाणी साचून राहते आणि खालचा वास, झुरळे वर येत नाहीत. मात्र बंद ठेवलेल्या न्हाणीघरात हे पाणी काही आठवड्यांत आटते. सुट्टीवरून परतल्यावर न्हाणीघरात दुर्गंधी येते ती यामुळेच. शिवाय पाण्याचा हा अडथळा सापाला अडवू शकत नाही, कारण साप पाण्यातून सहज जातो. त्याला अडवते ती घट्ट बसवलेली जाळी. केस अडकतात म्हणून ती काढून ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे.

शौचालयाच्या भांड्यात साप निघाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. अशा वेळी सेप्टिक टँकचे फुटलेले झाकण आणि वायू बाहेर सोडणाऱ्या उभ्या नळीचे उघडे तोंड आधी तपासावे. त्या तोंडाला जाळीची टोपी बसवणे हे प्लंबरचे अर्ध्या तासाचे काम आहे.

बाकीच्या वाटा डोळ्यांसमोरच असतात. एसीची तांब्याची नळी, इंटरनेटची केबल किंवा गॅसची पाइपलाइन आत घेताना भिंतीला पाडलेले भोक हवे त्यापेक्षा मोठे असते आणि काम संपल्यावर ते कुणी बुजवत नाही. गृहनिर्माण संस्था सीसीटीव्हीवर खर्च करतात. तळमजल्यावरची ही भोके मात्र वर्षानुवर्षे उघडी राहतात. लहान उंदराला सहा मिलिमीटरची फटही पुरते, त्यामुळे जाळीची भोके त्याहून बारीक हवीत. नुसता पीयू फोम भरून भागत नाही, उंदीर तो कुरतडतात. आधी भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लावले तर भोक टिकाऊपणे बंद होते. दाराखालची फट तपासायला एक सोपी युक्ती आहे. रात्री आतले दिवे मालवून बाहेरून विजेरीचा झोत टाकायचा. जिथून उजेड आत येतो, तिथे रबराची पट्टी लावायची.

कार्बोलिक अ‍ॅसिड किंवा फिनाईल शिंपडल्याने साप येत नाही, हा समज पक्का आहे. पण त्यावर विसंबून राहण्यासारखा पुरावा नाही. वास उडून जातो, फट उरते. शिवाय कार्बोलिक अ‍ॅसिडने त्वचा भाजते, त्यामुळे मुले असलेल्या घरात धोका उलट वाढतो.

मण्यार इतकी धोकादायक का?

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांपैकी जवळपास निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांतले होते. घराच्या संदर्भात यातली सर्वांत कपटी म्हणजे मण्यार. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावते. दंश बहुधा दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणाही दिसत नाहीत. मग पहाटे पोटात दुखू लागते. घरचे अ‍ॅसिडिटीची गोळी देतात. पुढे पापण्या जड होतात, बोलता-गिळता येईनासे होते आणि श्वास अडू लागतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या कुणाला पहाटे अशी लक्षणे दिसली, तर साप पाहिला नसला तरी रुग्णालय गाठावे. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणे हा यावरचा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे.

मण्यार समजून मारला जाणारा साप पुष्कळदा बिनविषारी कवड्या असतो. तो भिंतीवर चढून पाली खातो. त्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे उलट असते. पण ही ओळख दुरूनच पटवायची, आणि शंका असेल तर मण्यारच समजायचे.

कौले काढताना विंचू का निघतात?

शाकारणीच्या वेळी कौलांखालून, रचलेल्या जांभ्याच्या चिऱ्यांतून, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांखालून विंचू निघणे कोकणात नवे नाही. अंधारी, कोरडी फट ही त्याची जागा. लाल विंचवाचा दंश एकेकाळी अनेकांचा जीव घेत असे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवले आणि मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. औषध आहे म्हणून बेफिकिरी नको. जाड हातमोजे घालावेत, चिरा आपल्या बाजूने न उचलता पलीकडून काठीने उलटावा आणि बूट झटकल्याशिवाय पाय आत घालू नये.

माळ्यावर आवाज येत असेल तर?

कौलारू घराच्या माळ्यावर किंवा पीओपीच्या छतावर रात्री धावपळ आणि दिवसा शांतता असेल, तर ते उदमांजर असू शकते. कोकणात त्याला कांडेचोरही म्हणतात. ते फळे खाते, उंदीरही मारते. लोक येथे घाई करतात: दिवसाच सुतार बोलावून भोक ठोकून बंद करतात. तेव्हा प्राणी आतच झोपलेला असतो. पिल्ले असतील तर ती आत मरतात आणि दुर्गंधीमुळे छत पुन्हा फोडावे लागते. आधी दोन-तीन रात्री येण्या-जाण्याची वाट पाहून ठेवावी. पिल्लांचा आवाज येत असेल तर ती बाहेर पडेपर्यंत थांबावे आणि माळा रिकामा झाल्याची खात्री करूनच पत्रा ठोकावा.

मीटरच्या पेटीतले मोहोळ बहुतेकदा सातेरी मधमाश्यांचे असते. त्यांना पोकळ, अंधारी जागा हवी असते. धूर किंवा रॉकेलचा प्रयोग विजेच्या तारांजवळ करणे म्हणजे दुहेरी संकट. हे काम मधपाळाचे आहे.

घरात साप दिसलाच तर काय करावे?

मुलांना, कुत्र्या-मांजरांना बाहेर न्यावे. आतल्या खोल्यांची दारे बंद करून फटीत जुनी चादर कोंबावी. एकाने सुरक्षित अंतरावरून सापावर नजर ठेवावी. तो कुठे गेला हेच माहीत नसणे सर्वांत वाईट. वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी किंवा प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवावे. सापांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे, आणि मारायला जाताना दंश झाल्याची उदाहरणेही कमी नाहीत.

दंश झालाच तर दोरी आवळणे, जखम कापणे, विष चोखणे यांतले काहीही करू नये. अंगठी-बांगड्या काढाव्यात, हातपाय न हलवता १०८ रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही.

सर्पमित्र साप घेऊन निघण्यापूर्वी मात्र तो कुठून आला असावा हे त्याला जरूर विचारावे आणि गवंड्याला त्याच दिवशी फोन करावा. मोरीच्या नळीला जाळी नाही, तोवर उंदीर येत राहतील, आणि त्यांच्या मागे पुढचा साप.